चिंचंवरच्या माश्या

उंब्रज, १९७६

सुभेदारसाहेब,

निवडणुकीच्या फोटोसाठी तुमी मुंबईला जाऊन कपाळावरच्या सुरकुत्यांत इंजेक्शनं टोचून घेतली. तोंडभर लालभडक गाठी उठल्या, डोळं झाकलं, आन गाठलासा सांगलीचा दवाखाना. गावाला मातर सांगितलं, वड्याकडंच्या चिंचंवरच्या माश्या चावल्या! मलाबी तसंच बोलायला लावलंत. वीस वरसं पलटणीत काढली, पर एवढं खरं बोलायचा धीर झाला न्हाई.

आपली शेती करणारा वाटेकरी नाथाजी भोळा. धन्याला चावल्या म्हणून चूड पेटवून चिंचंवर चढला आन पोळं जाळलं. माश्यांनी त्याला फोडून काढला. तोंड भोपळ्याएवढं झालं. तरी म्हणतोय, साहेबांचं उट्टं काढलं.

काल त्याची बायको बनुबाई इचारत हुती, "वैनी, ह्यांची सूज चार दिसांत उतरली. साहेबांची दोन म्हैनं झालं तरी उतरंना. कसल्या माश्या म्हणायच्या वो त्या?"

मी म्हटलं, "मुंबईच्या. पैकं देऊन चावून घेतल्यात."

आता ह्ये पत्र टपालात टाकत न्हाई. बनुबाईला सांगितलंय, म्हंजी बातमी टपालाच्या आधी सांगलीला पोचंल.

सुरकुत्यांसकट धडधाकट,
अंजना