बाहेरची कडी

६ नोव्हेंबर ७२, सोमवार

आज कंदिलाची काच राखेनं पुसताना रोझीची आठवण आली. बोर्डिंगमध्ये शुक्रवारी काचा पुसायची पाळी आम्हा दोघींची असे. बोटं काळी होत आणि रोझी त्याच बोटानं माझ्या नाकावर टिकली लावी. अशाच एका शुक्रवारी तिच्या काचा पुसायच्या राहिल्या, म्हणून संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासात ती डेस्कखाली चोरून पुसत बसली होती. तेवढ्यात आगीची घंटा. सरावाची. आधी दाराशी ‘खट्’ झालं, मग घंटा. दर वेळी तसंच होई. रोझी म्हणायची, सिस्टरचा गुडघा वाजला.

साठ मुली. चपला नाहीत, पुस्तकं नाहीत, पुढचीच्या खांद्यावर हात, आणि चिंचेखाली जाऊन हजेरी. रोझी काच हातात घेऊनच आली. सिस्टर म्हणाल्या, “काच बाजारात मिळते. रोझलिन मिळत नाही.” आम्ही हसू दाबत होतो.

उद्यापासून वस्तीवर हाच धडा घ्यायचा. सगळी छपरं उसाच्या पाचटाची, भिंती कुडाच्या, आणि पाऊस नाही म्हणून सगळं कसं कडकडीत वाळलेलं.

७ नोव्हें., मंगळ.

घरच्या शाळांची (यापुढं घ. शा.) फेरी. चार घरं, नऊ मुलं. घोडेगावची शाळा तीन मैल. मोठ्या पोरींच्या कडेवर धाकटी भावंडं, आया दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायला. म्हणून शाळा घरातच. आईनं सकाळी धडा देऊन जायचं, संध्याकाळी येऊन तपासायचा. जिला अक्षर येत नाही तिला मी रविवारी शिकवते. मंगळ-शुक्र मी घरोघर.

पारूवर माझी सर्वांत जास्त आशा. चौथी झालीय. तिची सुमी नऊ वर्षांची, बाळू आठ महिन्यांचा. नवरा तुकाराम ऊसतोडीला गेलेला. सासू यमुनाबाई शेजारच्या खोपटात. कानानं कमी, तोंडानं नाही.

चारही घरांत दाराच्या आतल्या बाजूला माझ्या अक्षरातला कागद चिकटवला. पहिला नियम: दोन तास जागचं हलायचं नाही. दुसरा, पाटी स्वच्छ. तिसरा, धाकट्याला रडवायचं नाही. आज चौथा वाढवला: आग लागली तर सगळं सोडून बाहेर, लिंबाखाली.

१० नोव्हें., शुक्र.

प्रत्येक घरी आगीसाठी पाण्याची एक बादली भरून ठेवा म्हटलं. यमुनाबाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं.

“बाई, प्यायाला पानी न्हाई, अन् आगीला कुठून देऊ? तिला म्हणावं, टँकर येईपतूर दम धर.”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. चूक माझीच. बोर्डिंगात लाल बादल्यांची रांग होती, तीच डोळ्यांपुढं. इथं विहिरींचे तळ दिसतायत.

पाण्याऐवजी माती. चाळून, डब्यात भरून, चुलीपासून दोन हात लांब.

१४ नोव्हें., मंगळ.

पारूच्या मातीच्या डब्यात कोंबडी धुळीनं अंघोळ करत होती. सुमी म्हणाली, “बाई, तिला बी आगीचं भ्या वाटतंय.”

सकाळी जाताना चूल पूर्ण विझवा, हे कुणी ऐकत नाही. विस्तव राखेखाली दडपून ठेवायचा, संध्याकाळी फुंकून पुन्हा पेटवायचा, अशी रीत. पारू म्हणाली, “रोज नवी काडी कशाला वो जाळायची?” राख जाड घाल, वर तवा पालथा घाल, एवढ्यावर तडजोड.

२१ नोव्हें., मंगळ.

पहिला सराव. नगरच्या शाळेत शिकवायचे तेव्हाची माझी पितळी घंटा नेली. पारूच्या दारात उभी राहून वाजवली. सुमी पाटी टाकून सुसाट लिंबाखाली. हात जोडून उभी. मी हजेरी घेतली. एक.

“बाळू कुठं आहे?”

“झोळीत.”

“अगं!”

“तुमीच म्हन्ला ना, सगळं सोडून यायचं.”

पोर आज्ञा पाळत होती. बोर्डिंगात आमच्या कुणाच्याच कडेवर भाऊ नव्हता, म्हणून त्या नियमात बाळ नव्हतंच. घरी येऊन चारही कागदांवरचा चौथा नियम कसा बदलायचा ते ठरवलं: ज्याला श्वास आहे ते घ्या, बाकी सोडा.

२४ नोव्हें., शुक्र.

पुन्हा सराव. सुमीनं बाळूला घेतलं. मग कोंबडीलाही धरायला गेली, कारण तिलाही श्वास आहे. कोंबडी कुडाच्या बुडाशी असलेल्या भोकातून कधीच बाहेर पडली होती आणि आमच्या आधी लिंबाखाली हजर. यमुनाबाई: “हिलाच मास्तरीण करा.”

सुमीनं हजेरी स्वतः घेतली. “एक, दोन. अन् कोंबडी.”

१४ डिसें., गुरु.

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. उजव्या डोळ्यापुढं धुकं. कंदिलाभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं दिसतं. पुण्याहून लेकीचं पत्र, मोतीबिंदू काढूनच टाक, इकडे ये. जावई लिहितात, आता कायमच्या इथंच राहा. पाहू.

पारू खूश आहे. “सुमी आता दोन तास हलत न्हाई. पयलं म्या रस्त्याला लागले की मागं पळत यायची.” कसं जमवलंस, विचारलं तर नुसती हसली. मला अभिमान वाटला. तिचा, आणि खरं सांगायचं तर माझाही.

२५ डिसें., सोम.

नगरला चर्चला गेले. रोझी भेटली. केस पांढरे, हसणं तेच. माझ्या नाकाला बोट लावलं. तिला घ. शा. आणि कोंबडीची गोष्ट सांगितली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

११ जाने. ७३, गुरु.

पारूचं घर जळलं. मुलं वाचली. आज एवढंच.

१२ जाने., शुक्र.

क्रमानं लिहून काढते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

काल दुपारी वारा सुटला होता. पारू खडीवर, यमुनाबाई टँकरच्या रांगेत. मी माझ्या ओसरीवरून धूर पाहिला आणि धावले. तोवर आग छपराला लागली होती. दाराला बाहेरून कडी. कडीत बाभळीची काटकी खोचलेली. ती काटकी मला निघेना. कडी तापली होती. दार उघडलं तेव्हा आत नुसता धूर. मी सुमी, सुमी म्हणून ओरडत राहिले. किती वेळ, ठाऊक नाही.

मागून आवाज आला. “बाई, हिकडं.”

लिंबाखाली उभी होती. बाळू कडेवर. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला, बोटं रक्ताळलेली. मला म्हणाली, “एक, दोन. कोंबडी न्हाई घावली.”

कोंबडीच्या भोकापाशी बसून, मुसळानं आणि नखांनी कूड फोडून, आधी बाळूला ढकललं, मग स्वतः. हे मी शिकवलं नव्हतं.

खडीच्या ट्रकमधून नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हात राहील.

१३ जाने., शनि.

मंगळ-शुक्र मी जाणार म्हणून दार उघडं ठेवलेलं असायचं, आणि मग मी दारात असायचे. सराव झाले ते सगळे उघड्या दाराचे.

आज उरलेल्या तीन घरांतले माझे कागद वाचले. पहिला नियम आणि चौथा. एकाच कागदावर, एकाच शाईत, एकाच बाईच्या अक्षरात. दोन तास हलायचं नाही. ज्याला श्वास आहे ते घेऊन बाहेर.

तिन्ही दारांना बाहेरून कड्या आहेत. मी रोज पाहत होते.

१७ जाने., बुध.

पारू, यमुनाबाई आणि मुलं माझ्याकडं राहायला आली. एका खोलीत ती, एकीत मी. सुमीचा हात वर बांधलेला. झोपेतही लिंबाकडं तोंड करून झोपते.

पारूशी आज बोलले. ती भाकरी थापत होती, वर पाहिलं नाही.

“तुमीच लिवलं हुतं न्हवं, दोन तास. ती बसंना. मग म्या कडी घातली.”

“मला सांगायचं नाहीस?”

“त्यात काय सांगायचं? समद्याच घालत्यात. न्हाईतर पोरं मागं येत्यात, खडीचे ट्रक सारखे. मागल्या उन्हाळ्यात हौसाचं पोरगं कोरड्या विहिरीत पडलं, ते दार उघडं हुतं म्हनून.” मग भाकरी तव्यावर टाकत: “तुमच्यावर राग न्हाई, बाई. माझ्याच हातानं घातली ना कडी.”

मी पिठाची परात तिच्याकडं सरकवली.

यमुनाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “घंटी वाजिवली म्हंजी कडी निघती व्हय?” त्यांना ऐकू येत नाही असं कोण म्हणतं.

२८ जाने., रवि.

रोझीला सगळं लिहिलं होतं. उत्तर आलं. एवढंच उतरवून ठेवते:

‘तू स्वतःला एकटीला दोष देतेस म्हणून सांगते. अभ्यासाच्या तासाला आपल्या हॉललाही बाहेरून कडी असायची. मुली गच्चीवर पळू नयेत म्हणून. घंटेच्या आधीचं ते खट् आठवतं? ती कडी. सिस्टर आधी कडी काढत, मग घंटा वाजवत. मी मोठी झाल्यावर त्यांनीच सांगितलं मला. सिस्टरचा गुडघा धडधाकट होता.’

चाळीस वर्षं मी ती आठवण प्रेमानं जपली. मुलींना सांगितली. तो सराव हुबेहूब इथं आणला, घंटेसकट. फक्त ते खट् आणलं नाही. ते मला विनोद वाटलं होतं.

आणि खरी आग सिस्टर जेवायला गेल्या असताना लागली असती तर? साठ मुली.

३० जाने., मंगळ.

घ. शा. फेरी. पहिला नियम चारही—तीनही ठिकाणी खोडला. बायकांना म्हटलं, कड्या काढा. हौसा म्हणाली, “काढते. पन माझं दुसरं पोर विहिरीत गेलं तर तुमी कागद लिवनार का?” बोलली आणि स्वतःच रडू लागली. मी तिच्याजवळ बसले.

कड्या नाहीत तर राखण हवी. राखण कोण करणार? ज्यांना चालता येतं त्या सगळ्या खडीवर.

२ फेब्रु., शुक्र.

यमुनाबाई चहा पिता पिता, कुणी न विचारता: “म्या बसते लिंबाखाली. खडीवर मला कोन घेनार हाय? समदी दारं तितनं दिसत्यात.”

पारू: “आत्याबाई, तुमाला ऐकू कुठं येतंय? पोरांनी हाका मारल्या तर?”

“ऐकू येत न्हाई. दिसतंय ना? अन् घंटी वाजिवता येतीय, कान लागत न्हाई त्याला.”

सुमी पहिल्यांदा हसली.

९ फेब्रु., शुक्र.

एक आठवडा यमुनाबाई बसल्या. हौसानं कडी काढली होती. काल पाहिलं तर जागेवर सुंभाचा तुकडा बांधलेला. विचारलं नाही. सुटायला कडीपेक्षा सोपा आहे, असं स्वतःला सांगितलं. जळायलाही.

सुमीचं बँडेज सुटलं. कातडी ताणलेली, कोपर पुरतं वाकत नाही. पाटी मांडीवर धरून लिहिते. आज दोन ओळी शुद्धलेखन, एकही चूक नाही. मध्येच उठून पाणी पिऊन आली. मी काही म्हटलं नाही.

१५ फेब्रु., गुरु.

पारूचं नवं घर जवळजवळ उभं राहिलं. तुकाराम चार दिवसांसाठी येऊन छपराच्या मेढी रोवून गेला. छपराला पुन्हा पाचटच, दुसरं आणणार कुठून. कुडाच्या बुडाशी सुमीनं उभं राहून भोक ठेवून घेतलं, मागच्यापेक्षा मोठं. तुकाराम म्हणाला, “एवढी कोंबडी असती व्हय?” ती म्हणाली, “असू द्या, आबा.”

दार माझ्या मागच्या खोलीचं दिलं. सुतारानं पारूला विचारलं, कडी आतून का बाहेरून? पारू माझ्याकडं पाहत नव्हती. म्हणाली, “ऱ्हाऊ द्या आत्ता. मग बसवू.”

जुनी कडी माझ्याकडं आहे. १३ जानेवारीला जळक्या चौकटीतून मीच उचकटून आणली, कुणाला न सांगता. उशाशी ठेवली होती.

१८ फेब्रु., रवि.

उद्या सकाळच्या एस. टी.नं पुण्याला. परवा डोळा. परत येईन असं पारूला म्हटलंय. लेक म्हणते नाही. दोन्ही लिहून ठेवते. पंधरा दिवस वाचायला-लिहायला मिळणार नाही, म्हणून वस्तूंचं आत्ताच सांगून ठेवते.

घंटा यमुनाबाईंना. दांडा सैल झालाय, चिंधी गुंडाळून घ्यावी. माझी घोंगडीही त्यांनाच, लिंबाखाली बसायला.

कंदील हौसाला. काच पुसायला राख तिच्याकडं आहेच.

पाट्या, पेन्सिली, अंकलिप्या सारख्या वाटून चारही घरांत. हजेरीची वही सुमीला. लिंबाखालची हजेरी यापुढं तीच घेईल. कोंबडी धरायची का नाही, तिनं ठरवावं.

खोलीची किल्ली पारूकडं. छपराला काही झालं तर सगळ्यांनी इथं यावं, विचारायला थांबू नये.

ही वही रोझीला. तिनं वाचावी, हसावं, मग ज्यांच्या घरी मुलं एकटी असतात त्यांना दाखवावी.

राहिली कडी. ट्रंकेत वरच, फडक्यात बांधली आहे. ती पारूची आहे, पारूलाच द्यावी. चार मोळेही त्यातच आहेत. कुठल्या बाजूनं ठोकायची ते मी सांगितलेलं नाही.