गुरुवारचा जनाना शो

आई, परवा नातीनं मला पिक्चरला नेलं. टॉकीजला नाही गं, आपल्या वेळच्या टॉकीज आता राहिल्यात कुठं. तिच्या कॉलेजच्या हॉलमध्ये, दुपारी चार वाजता, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. खिडक्यांना काळे पडदे लावले होते, तरी एका फटीतून उन्हाची तिरीप आत यायची आणि एक पोरगा सारखा उठून ती बुजवायचा. माणसं असतील तीसेक. आमच्या पुंडलिकनगरात सत्यनारायणाच्या प्रसादाला याहून जास्त जमतात. नात म्हणाली, "आजी, यात गाणी नाहीत, मारामारी नाही, कंटाळलीस तर सांग." मी म्हटलं, "अगं, टेलिफोन एक्सचेंजमध्ये डोक्याला हेडफोन अडकवून मी सगळी नोकरी काढली. मला कंटाळ्याचं काय सांगतेस?"

पण कंटाळा आला बरं का, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. सुरुवातीला किती तरी वेळ कुणी बोलतच नाही. एक बाई चुलीपुढं बसलीय, भात शिजतोय, झाकण हलतंय, आणि आपण आपलं ते बघत बसायचं. आपली शेजारची खाला असती तर भर हॉलमध्ये ओरडली असती, "मशीन बिगड गई क्या जी?" मला तिची आठवण येऊन हसूच फुटलं, आणि पुढच्या खुर्चीवरच्या मुलीनं वळून बघितलं. मग मात्र गप्प बसले. हळूहळू कळायला लागलं. त्या बाईचा मुलगा तळ्यात बुडून गेलेला आहे. तो दाखवत नाहीत, तळ्यात कसा पडला तेही सांगत नाहीत. नुसत्या भिंतीला टेकवलेल्या त्याच्या चपला दिसतात. घरात नवरा आहे आणि सात-आठ वर्षांची धाकटी पोरगी आहे. रोज दिवस मावळताना ती बाई पोरीला जेवायला बोलवायला दारात येते. सवयीनं आधी मुलाचं नाव ओठांवर येतं. तोंड उघडतं आणि मिटतं. मग ती आत जाऊन ताटलीवर पळी वाजवते. आवाज ऐकून पोरगी येते. बाकी काही नाही. असं तीनदा, चारदा.

आणि शेवटी एक दिवस तिचे हात पिठात असतात, ध्यान दुसरीकडं असतं, आणि ती दारात येऊन मुलाच्या नावानं मोठ्यांदा हाक मारते. सगळी गल्ली थिजते. नवरा बाहेर लाकडं फोडत असतो, त्याची कुऱ्हाड वरच राहते. आणि गल्लीच्या टोकाकडून ती धाकटी ओरडते, "ओऽ! आले!" पळत येते, पाय धुते, पाटावर बसते. आई तिला वाढते. संपला पिक्चर.

दिवे लागले तरी मला उठवेना. नातीला वाटलं गुडघा धरला. पिक्चर काढणारा दाढीवाला मुलगा समोर येऊन बसला होता आणि लोक त्याला मोठमोठ्या शब्दांत काय काय विचारत होते. मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा अशा ठिकाणी बोलले मी. म्हटलं, "बाळा, पिक्चर लई चांगला केलास. मन भरून आलं. पण त्या पोरीला ओ म्हणायला कुणी शिकवलं?" तो हसला. म्हणाला, "आजी, ते लिहिलेलंच नव्हतं. हाक मारल्यावर सगळ्यांनी नुसतं गप्प राहायचं ठरलं होतं. ती पोरगी आपणहून म्हणाली. नंतर विचारलं तर म्हणते, कुणी तरी ओ द्यायला नको का?" सगळे हसले आणि टाळ्या वाजवल्या. मी पदर तोंडाला लावला.

तुला कळलं असेल मला काय आठवलं ते. भाऊ गेला तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तो नऊचा. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी सकाळी घरात माणसंच माणसं. नाना कंपाउंडर, दुसऱ्यांच्या पोरांना औषधाच्या बाटल्या भरून देणारा माणूस, पुड्या बांधून बांधून ज्याच्या बोटांना कायम औषधाचा वास. त्यांनी पोटच्या पोराला, भाऊला, पहिल्या दिवशीचं औषध स्वतःच्या हातानं दिलं होतं. तेराव्याला सगळे गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "आता या घरात त्याचं नाव निघायला नको." रागानं म्हणाले नाहीत. हात जोडल्यासारखं म्हणाले. आणि तू मान हलवलीस. त्या दिवसापासून आपल्या घरात भाऊचं नाव गेलं. त्याचा शर्ट खिळ्यावर कुणाचा तरी म्हणून लटकत राहिला आणि पुढं एक दिवस तोही दिसेनासा झाला.

खाला आली म्हणून बरं. ती बांगड्या भरणारी बाई, मागच्या दारानं यायची आणि उंबऱ्यावरच बसायची. निजामाचं राज्य गेलं तेव्हा, पोलीस ॲक्शनच्या गडबडीत, तिचा भाऊ घरातून जो गेला तो परत आलाच नव्हता. गेला म्हणावं तर मयत नाही, आहे म्हणावं तर पत्ता नाही. मला ते फार पुढं कळलं. तेव्हा मला ती फक्त ओढणीच्या गाठीत फुटाणे बांधून आणणारी खाला होती. तुझा हात हातात घेऊन, बांगडी चढवता चढवता ती म्हणाली, "भाबी, घर में रोने को जगा नै ना? चलो मेरे संगात. अंधेरे में कौन देखता?" तू म्हणालीस, "पोरीला कुठं ठेवू?" "उसकू भी लेको चलो."

तेव्हापासून आपले गुरुवार सुरू झाले. दुपारचा जनाना शो, फक्त बायकांचा. काय मजा होती गं ती. शहागंजातून जाताना खालाचा बुरखा उन्हानं तापायचा आणि ती सूर्यालाच शिव्या द्यायची. टॉकीजच्या मागच्या दाराशी एक जाडी बाई तिकिटं फाडायला बसायची, तिला खाला 'कलेक्टरीण' म्हणायची. आत लुगडी, बुरखे, कडेवरची लेकरं, कुणी भाकरी बांधून आणलेली, कुणी भाजी निवडायला घेऊन आलेली, खरंच! सिल्लोडकडून माहेरपणाला आलेली एक बाई दर दहा मिनिटांनी विचारायची, "ह्यो कोण? नवरा का दीर?" आणि आख्खी रांग तिला समजावून सांगायची. व्हिलन आला की शिव्यांचा पाऊस. मी तुमच्या दोघींच्या मधे. माझा एक हात खालाच्या फुटाण्यात, दुसरा तुझ्या हातात. तुझा तळवा खरखरीत आणि गरम. आजही दुपारी एकटी असले की तो हात मला लागतो, आई. पिक्चरची नावं एकही आठवत नाहीत.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. रडक्या सीनला तू रडायची नाहीस. सगळ्या बाया नाक ओढायच्या, खाला हुंदके द्यायची, आणि तू कोरडी, समोर बघत. पण विनोदी माणूस पडद्यावर आला, धोतरात पाय अडकून पडला, की सगळी टॉकीज हसून लोळायची, आणि त्या गलक्यात तू भाऊला हाक मारायचीस. पूर्ण नावानं नाही, लाडाचं ते दोन अक्षरी. दारात उभी राहून जेवायला बोलवायचीस ना, अगदी तशी. हसण्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू जायचं नाही. हसता हसता डोळ्यांना पाणी येतंच, कोण विचारणार. मला ऐकू यायचं, कारण मी चिकटून बसलेले असायचे. एकेका शोमध्ये दोन-तीनदा. बाहेर आल्यावर तू हलकी वाटायचीस. चालताना माझ्या वेणीचा शेंडा ओढायचीस, म्हणायचीस, "चल गं चिमणे, नानांच्या आधी चूल पेटवायचीय."

वर्षभर हे चाललं. आणि एका संध्याकाळी नाना जेवायला बसलेले, तू भाकरी थापत होतीस, आणि मी म्हणाले, "नाना, आई टॉकीजमध्ये भाऊला हाका मारते."

नानांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो परत ताटात ठेवला. "असं व्हय?" म्हणाले, आणि भरल्या ताटात हात धुतला. तव्यावर भाकरी जळाल्याचा वास सुटला तरी तू ती उलटली नाहीस. तू मला एक धपाटा घातला असतास, चुगलखोर मेली म्हणाली असतीस, तर बरं झालं असतं. नानाही तुला काही बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पुढच्या गुरुवारी मागच्या दाराशी खालाच्या बांगड्या वाजल्या. तू आतूनच म्हणालीस, "आज नको खाला, पोरीचा अभ्यास घ्यायचाय." आणि खरंच मला समोर बसवून पाढे घेतलेस. तेवीसच्या पाढ्याला मी अडले तरी तुझं ध्यान नव्हतं. खाला आणखी दोन-तीन गुरुवार आली. मग नुसती बांगड्या भरायला यायची. फुटाणे आणायची, पण तिचं माझ्याशी बोलणं कमी झालं. तिला कळलं असणार.

पुढं मी मोठी झाले, नोकरीला लागले, लोकांच्या हाका या गावातून त्या गावाला जोडून देत बसले. लासूर स्टेशनवरनं कुणी रडत रडत ट्रंक कॉल लावायचं आणि मी म्हणायची, "बोला, लाइन जोडलीय." घरी मात्र आपली लाइन मीच तोडलेली. तो विषय तू काढला नाहीस, मीही काढला नाही.

आणि आता ते लिहिते जे लिहायला ही वही घेतली. तुझं शेवटचं दुखणं. दवाखान्यातली दुपार, मी उशाशी बसलेली, तुझा हात माझ्या हातात. तोच खरखरीत हात, आता थंड. तू डोळे मिटून होतीस आणि एकदम तुझ्या तोंडून भाऊचं ते दोन अक्षरी नाव आलं. मोठ्यांदा, दारात उभं राहून मारल्यासारखं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, कुठल्याच गलक्याचा आडोसा न घेता. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा बघायला लागली. आणि मी काय केलं? मी तुझा हात हलवला आणि म्हणाले, "आई, तो नाही गं. मी आहे, मी." तू डोळे उघडलेस. माझ्याकडं बघितलंस. "व्हय, तूच हाईस," म्हणालीस. आणि पुन्हा हाक मारली नाहीस. दोन दिवसांनी गेलीस.

ओ म्हणाले असते तर माझं काय जाणार होतं? त्या पिक्चरमधल्या सात-आठ वर्षांच्या पोरीला कळलं आणि मला तीस उलटून गेल्यावर कळलं नाही. परवापासून तेच डोक्यात आहे. नात म्हणते, "आजी, तू त्या पिक्चरचं फार मनाला लावून घेतलंस." तिला काय सांगू? तिला फक्त म्हटलं, असला पिक्चर पुन्हा कुठं लागला तर मला ने.

लिहिता लिहिता वहीची आठ पानं भरली. मघाशी नात डोकावून गेली, "कुणाला लिहितेस गं एवढं?" म्हटलं, "कुणाला नाही, किराण्याची यादी." हसून बाहेर निघून गेली. पानं फाडून मसाल्याच्या डब्याखाली ठेवणार आहे, तिथं कुणी हात घालत नाही.

फक्त एक राहिलं. तुझी काळजी वाटली म्हणून मी नानांना सांगितलं, असं मी मोठेपणी खालाला सांगितलं होतं, नवऱ्याला सांगितलं, स्वतःलाही तेच सांगत आले. ते खरं नाही, आई. टॉकीजमध्ये तुझ्या हातात हात माझा असायचा, आणि तू नाव त्याचं घ्यायचीस. मला ते सोसायचं नाही. दवाखान्यातही तेच झालं.

आज गुरुवार आहे. चार वाजलेत, घरात कुणी नाही. आता हाक मार, त्याच्याच नावानं.