उपाशी बाटली

बुधवार, दुपारचे दोन

चि. भिंगरीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघाही जिथे होता तिथेच आहे. हे पत्र शिंपीणबाईंच्या मुलीबरोबर पाठवतेय. उद्या सकाळच्या गाडीने ती तुझ्या कॉलेजच्या गावी येतेय. हातात पडल्या पडल्या उभ्याउभ्या वाच. माझी शाळा दुसरीपर्यंतची, ओळी तिरक्या जातील, सांभाळून घे.

आधी बातम्या. गच्चीवरची टाकी गळतेय. नळवाला आला, बघितलं, "अवघड आहे" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. शेजारीणबाईंनी नवा चष्मा घेतलाय, त्यामुळे आता त्यांना आपल्या घरातली धूळ दिसते.

तुझ्या त्या पाण्यातल्या जीवांबद्दल माझं सगळ्या गल्लीला सांगून झालं. चपलेच्या तळव्यासारखा आकार, सगळं अंग मिळून एकच पेशी, आणि बाजूला एक खाच. शाईचा कण जवळ आला की खाचेतून आत, आणि पोटात काळा मणी तयार! दूधवाला म्हणाला, "दात नाहीत तरी खातो?" म्हटलं, "मी नाही का खात?" अगं, तू मायक्रोस्कोपला डोळा लावून दिलास तेव्हा मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या, आणि मग ते दिसले. तुझ्यासारखेच, स्वतःभोवती गिरक्या घेत पळणारे. सत्तर वर्षं पाणी भरलं, पण पाण्यात एवढी वर्दळ असते हे कुणी सांगितलं नव्हतं मला.

तर काल तुझा फोन आला. "आजी, दोन्ही बाटल्यांतल्यांच्या पोटात सारखेच मणी निघाले. उपाशींनी शाई जास्त गिळायला हवी होती. वीस-वीस जीव मोजले, दोन्हीकडे सरासरी सहा. मॅडम म्हणाल्या, तुझी आखणीच चुकलीय, शुक्रवारपर्यंत कारण शोध, नाहीतर पहिल्या वर्षाच्या मुलांना हा प्रयोग देता येणार नाही. मला हे जमतच नाही गं. मी विषयच बदलते." तुझा आवाज असा चिरका झालेला मी याआधी तू पाचवीत असताना पडलीस तेव्हा ऐकला होता. आणि मी काय बोलले? "थांब हं, दूध उतू जातंय." ठेवला फोन.

दूध उतू जात नव्हतं. दूध आलंच नव्हतं काल.

तेव्हापासून फोन तीनदा हातात घेतला, तीनदा खाली ठेवला. लिहिताना तुझा आवाज कानावर येत नाही, म्हणून लिहितेय.

तुला तुझ्या बापाच्या टॉन्सिलची गोष्ट माहीत आहे का? सहा वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले, सकाळपासून पोटात काही जाता कामा नये. हा माझ्या पदराला धरून "आई भूक, आई भूक". मी नर्सची पाठ फिरली तशी दोन बिस्किटं दिली. मग ढकलगाडी आली, त्याला निजवलं, दारापर्यंत नेलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "त्यानं खाल्लंय हो." डॉक्टर सगळ्यांसमोर असे ओरडले की बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं. पण जाताना म्हणाले, "बाई, बोललात ते बरं केलंत. नाहीतर मुलगा हातचा गेला असता." घरी मी खरं कारण सांगितलं नाही; तुझ्या आजोबांना शेवटपर्यंत वाटत होतं की त्या दिवशी डॉक्टरांना ताप होता.

आता तुला कळलंच असेल.

तू दोन दिवस परीक्षेला गेलीस आणि बाटल्या माझ्या ताब्यात दिल्यास. "जेवलेली" बाटलीत रोज सकाळी ती पाव फुगवायची पूड चिमूटभर, आणि "उपाशी" बाटलीला हात लावायचा नाही. किती मान वाटला मला! पहिल्या दिवशी अगदी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी तू ठेवून गेलेल्या मायक्रोस्कोपमधून बघितलं. उपाशी बिचारे नुसते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. एकालाही काही मिळत नव्हतं. भिंगरे, मला नाही बघवलं.

मॅडम किती आणि कधी ते विचारतील, म्हणून नीट लिहिते. परवाचा सोमवार, सकाळी साडेसातच्या बातम्या संपल्यावर. आगकाडीच्या मागच्या टोकावर मावेल एवढी पूड. काडीने तीन वेळा ढवळलं. पुन्हा दुपारी चारला, तेवढीच. तू संध्याकाळी येऊन बाटल्या घेऊन गेलीस, आणि मी तुला "सगळं ठीक" म्हणाले. म्हणजे तुझी उपाशी बाटली उपाशी नव्हतीच. चूक आखणीत नाही, आजीत आहे. मॅडमना हेच सांग. हवं तर हे पत्रच दाखव. हसतील तर हसू दे.

फोन ठेवल्यावर काल एक केलं. खिडकीतली गवताच्या पाण्याची मूळ बरणी मी टाकली नव्हती. तू करतेस तसं पाणी उकळून गार केलं, वरच्या कडेचे जीव ड्रॉपरने उचलून त्यात सोडले, झाकणाला सुईने भोकं पाडली. मंगळवार, संध्याकाळचे पाच. मग बाटली शेजारीणबाईंकडे नेली आणि म्हटलं, "झाकणाला चिकटपट्टी लावा आणि वर सही करा. माझा माझ्यावर भरवसा नाही." त्या म्हणाल्या, "यात तर काहीच नाही." नवा चष्मा घालून!

तीच बाटली पत्राबरोबर येतेय. पट्टी अखंड आहे का ते आधी बघ. मग शाई घाल आणि मोज. मणी सहापेक्षा जास्त निघाले तर तू बरोबर होतीस, आणि नाही निघाले तरी ते तुझं उत्तर असेल, माझ्या हातचं नव्हे. विषय मात्र मोजल्याशिवाय बदलू नकोस.

रागाव हवी तेवढी, पण जेवून रागाव.

गाडीला अजून अठरा तास आहेत. बाटली समोर टेबलावर आहे आणि ते आत भुकेले आहेत. पत्र संपलं की दोन्ही हात मांडीखाली घालून बसणार आहे,

तुझी आजी