बुडावरचा ठिपका

सोमवार, ३ फेब्रुवारी
साहेबांनी टेबलावर तीन कप आणून ठेवले. तडे गेलेले! गिऱ्हाइकाकडून परत आलेत, आणि पेटीवर नंबर माझा. बावीस वर्षं मी या कारखान्यात कपांना टिचक्या मारून बघतेय. चांगला कप टण्ण वाजतो, फुटका बद्द. माझ्या हातून फुटका सुटणं शक्यच नाही. नंतर कुणीतरी घातलेत.

शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली लगेच म्हणाली, "हा मागच्या महिन्यातला माल, मी तेव्हा आठवडाभर रजेवर होते." तुला कुणी विचारलं होतं?

बुधवार, ५
डब्याच्या वेळी सगळ्याजणी खालच्या आवाजात बोलतात. मी वळले की हसतात. काय म्हणालात विचारलं तर "काही नाही गं, जाऊ दे." जाऊ दे कसं?

गुरुवार, ६
घरीही तेच. हे हल्ली ओठातल्या ओठात पुटपुटतात, तेही माझ्याकडे पाठ करून. लेक म्हणते, "आई, टीव्हीचा आवाज कमी कर, भिंती हादरतायत." नणंद म्हणे दहा मिनिटं बेल वाजवत दाराबाहेर उभी होती. वाजवलीच नसणार! तिला रुसायला निमित्तच हवं असतं.

सोमवार, १०
पकडलं! चहाला निघाले होते, शाल विसरली म्हणून परत आले — तर चष्मेवालीचा हात माझ्या पेटीत! दचकली. "मोजत होते." माझे कप तू कशाला मोजतेस? तिचा माझ्या खिडकीजवळच्या जागेवर डोळा आहे, दुसरं काय!

मंगळवार, ११
मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. आजपासून मी पास केलेल्या प्रत्येक कपाच्या बुडाला पेन्सिलीचा ठिपका.

शुक्रवार, १४
माझ्या पेटीत बिनठिपक्याचे सात कप! आणि तिच्या टेबलाखाली, फुटक्यांच्या बादलीत, ठिपक्याचे सात. माझे चांगले फेकून आपले फुटके भरते! पुराव्याला दोन्हींतला एकेक पिशवीत टाकून घरी आणला. सोमवारी साहेबांसमोर उभीच करते तिला.

शनिवार, १५
दोन्ही कप वाजवले. सारखेच वाटले. हल्लीच्या मालाला आवाजच नाही. लेकीला म्हटलं, तू बघ.

बिनठिपक्याचा वाजवून म्हणाली, "हा चांगलाय." मग ठिपक्याचा. "आई, हा फुटकाय."

पुन्हा वाजव म्हटलं. तिने चार वेळा वाजवला. मग माझ्याकडे बघतच राहिली. "तुला खरंच कळत नाही?"

तिच्यावर ओरडले. मग ठिपक्याचा कप पाणी भरून ठेवला. तासाभराने उचलला तर खाली ओलं वर्तुळ. कान गेले तर मी तिथे करणार काय?

सोमवार, १७
साहेबांकडे गेले नाही. माझ्या टिचक्या चष्मेवालीला शेजारून ऐकू येतात, हे आजवर लक्षातच आलं नव्हतं. ती रजेवर होती त्याच आठवड्यातले ते तीन कप. एरवी कधी एकही परत आला नाही.