एकाहत्तर वजा बासष्ट

८ सप्टेंबर, सोमवार. दुपारी १.४०
वसुधाने डब्यात भरली वांगी दिलीत, तशीच पडलीत.

अल्पेशसरांनी मीटिंग घेतली. कंपनीत नवीन सॉफ्टवेअर येतंय. कल्पिताने समजावलं. (आयटीतली. वय सव्वीस, आवाज गोड, नजर पोलिसाची.) म्हणे प्रत्येक माणसाची सॉफ्टवेअरमध्ये एक ओळख असणार आणि त्या ओळखीच्या नावावर त्याचा लॅपटॉप. ज्याच्या नावावर असेल त्यालाच उघडणार, दुसऱ्याला नाही. १३ ऑक्टोबरला ऑडिट. लॅपटॉप वाटायचं काम अठरा वर्षं रामनाथ बघतायत, तेव्हा नावंही तेच भरतील, असं सर म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. सर सहसा हसत नाहीत.

माझ्या वहीत लॅपटॉप एकाहत्तर. ऑफिसात माणसं बासष्ट, प्रत्येकाकडे एक. कपाट रिकामं. म्हणजे नऊ गायब! आणि उरलेल्यांपैकी कुठला कोणाकडे, तेही धड माहीत नाही. लॉकडाऊनमध्ये मीच स्कूटरवरून घरोघर पोचवले होते. सह्या नंतर घेऊ म्हटलं, राहून गेलं.

माझी नोकरी जाणार. चोपन्नाव्या वर्षी मला दारात कोण उभं करणार?

संकल्प: १) घाबरायचं नाही. २) कोणाला काही विचारायचं नाही. विचारलं की कळलंच, याला माहीत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार. संध्याकाळी ६
नंबर लॅपटॉपच्या पोटावर असतो. जाता येता वाकून वाचायचे ठरवले. आकाशच्या टेबलाखाली वाकलो. काका, काय शोधताय, असं त्याने विचारलं. पेन, म्हटलं. समीक्षाकडेही पेन. कृणालकडेही पेन. दिवसअखेर नंबर मिळाले दोन. आकाशने पेनांचं अख्खं पाकीट आणून दिलं. एवढा प्रेमळपणा कशासाठी? नाव संशयितांत घेतलं.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७
संशयित आता बासष्ट. कोणालाच सूट नाही, म्हणून काल स्वतःवरही संशय घेऊन पाहिला. माळ्यावर चढलो. दिवाळीची साफसफाई यंदा इतक्या लवकर काढलीत का, असं वसुधाने विचारलं. हो म्हणून बसलो. मग अख्खा माळा साफ करायला लागला. लॅपटॉप नाही. कंबर धरली.

१८ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ६.३०
वसुधाला शेवटी सांगितलं. ती म्हणाली, अहो, त्या कल्पिताला सरळ सांगून टाका ना, पोर ती, खाणार आहे का तुम्हाला? बायकांना ऑफिस कळत नाही. वसुधा स्वतः एकतीस वर्षं पोस्टात होती, ती गोष्ट वेगळी.

पित्त वाढलंय. कल्पिता कॉरिडॉरमध्ये दिसली की मी जिन्याने जातो. आपलं ऑफिस पाचव्या मजल्यावर.

२३ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी १२
सुचलं! अरे, डोकं आहे की काय आहे!

खंडेनवमीची पूजा! वर्षातून एकदा ऑफिसात सगळी हत्यारं पूजेला लागतात. आपली हत्यारं म्हणजे लॅपटॉप. नोटीस लावली: कंपनीचा प्रत्येक लॅपटॉप पूजेला यायलाच हवा. एकेक जण आपापला आणून ठेवेल, मी गुपचूप क्रमाने नावं लिहीन. चोर असला तरी देवीला घाबरून आणेलच. आणि पूजेत ठेवलेलं त्या दिवशी उचलायचं नाही, वापरायचं नाही. म्हणजे सगळे लवकर घरी, पाळत ठेवायला कोणी नाही, संध्याकाळी निवांत पोटं वाचायची आणि नावं भरायची. कोणाला एका शब्दाने विचारावं लागणार नाही.

आज डब्यातली वांगी बोटं चाटून खाल्ली.

१ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी १२.३०
पांढऱ्या चादरीवर सहा ओळी, दहा-दहाच्या. वर दोन. नोटिशीच्या पाठीवर ओळीने नावं लिहिली. एकूण बासष्ट. नऊ आलेच नाहीत. चोर देवीलाही घाबरत नाही! असल्या माणसाबरोबर मी रोज चहा पितो. पण नावं तरी झाली.

दुपारी ३.५०
आरतीनंतर खाली वॉचमनला प्रसाद द्यायला गेलो. वर येऊन ऐकतो तर काय! एचआरच्या गंधालीने फोटोसाठी सगळे लॅपटॉप मांडून पणतीचा मोठा आकार केला होता म्हणे. काका, टेन्शन नका घेऊ, जसे होते तसेच परत ओळीत लावलेत, असं म्हणाली. बघितलं तर ओळी आधीपेक्षा सरळ. पोरगी जबाबदार आहे. उगाच घाबरलो.

संध्याकाळी ५.४०
झालं! एकेक लॅपटॉप उलटा करून नंबर वाचला, ओळीप्रमाणे फोनवरून सॉफ्टवेअरमध्ये नाव भरलं. झेंडूच्या पाकळ्या शर्टात गेल्या. बासष्ट नावं, बासष्ट हिरव्या खुणा. चूक असती तर सॉफ्टवेअरने हिरवी खूण दिली असती का? झकास. त्या नऊंचं बघू नंतर.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ९.५०
सगळ्यांनी आपापला लॅपटॉप उचलला. माणसं आपला लॅपटॉप ओरखड्यावरून ओळखतात, हे मला माहीत नव्हतं. आकाशने चालू केला. पडद्यावर आलं, हे उपकरण तुमच्या नावावर नाही. मग समीक्षाच्या. मग एकदम सगळ्या बाजूंनी, काका, माझा पण, काका, माझा पण!

फक्त गंधालीचा उघडला. स्वतःचा तिने बरोबर जागेवर ठेवला होता.

सकाळी १०.१५
बाथरूममध्ये आहे. कडी लावली आहे. अल्पेशसरांचाही उघडला नाही. सॉफ्टवेअरप्रमाणे सरांचा लॅपटॉप रिसेप्शनच्या कृणालच्या नावावर आहे. वाट लागली. वाट लागली. वाट लागली.

सकाळी ११
बाहेरून कल्पिताचा आवाज. काका, बाहेर या, कोणी मारत नाहीये, असं म्हणते. हे सांगावं लागतंय म्हणजे विषय निघाला असणार.

४ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी २
सुट्टी असून कल्पिता एकेक लॅपटॉप परत ज्याच्या त्याच्या नावावर करते आहे. तिने माझी वही मागितली. दिली. नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

दहा मिनिटांनी तिने विचारलं, काका, चौदा नंबर आणि त्रेसष्ट नंबर एकच मशीन आहे का? मी शांतपणे समजावलं. चौदा साकीनाक्याला दुरुस्तीला गेला होता. आत नवीन बोर्ड टाकून आला, म्हणजे वस्तू नवी झाली, म्हणून नवा नंबर दिला. जुना खोडायचा कशाला, जुना तर गेला होताच ना? तिने विचारलं, असे दुरुस्तीला किती गेले? नऊ, मी म्हटलं.

ती उठली. पाणी आणायला गेली. मला वाटलं माझ्यासाठी. स्वतःच प्यायली.

म्हणजे चोर कोणीच नव्हता. गेलं काहीच नव्हतं. आकाशची मनातल्या मनात माफी मागितली. सव्वीस दिवस मी ज्यांच्यासाठी झुरलो ते नऊ लॅपटॉप जगात नव्हतेच, आणि जे जगात होते ते मी बंद पाडले. अल्पेशसरांनी फोनवर हेच वाक्य मला ऐकवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ५
ऑडिट झालं. मी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, उत्तरं तोंडपाठ. ऑडिटर म्हणजे तिशीतला मुलगा. त्याने चहा घेतला, कल्पिताच्या लॅपटॉपचा पडदा बघितला, अकरा मिनिटांत गेला. माझं नावसुद्धा विचारलं नाही.

वाचलो! देवा, वाचलो!

कल्पिता म्हणाली, नावं भरायचं काम आता सरांनी माझ्याकडे दिलंय. बरोबरच आहे. माझ्या वयात किरकोळ कामं करायची नसतात. मग मी काय बघायचं, असं सहज विचारलं. सर सांगतील, म्हणाली. सरांनी दिवसभर बोलावलं नाही. कामात असतील.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी १०
सॉफ्टवेअरमध्ये भरायचा अधिकार गेला तरी बघायचा आहे. स्वतःचं नाव शोधलं. समोर लिहिलंय, स्थिती: चालू. छान वाटलं.

सकाळी १०.३०
चालू.

दुपारी १
चालू. वसुधाला फोन करून सांगितलं, चालू आहे. तिने विचारलं, काय चालू आहे? मी, म्हटलं. तिने डबा खाल्लात का, विचारलं. मग म्हणाली, आज लवकर घरी या.

दुपारी ४
चालू. सर समोरून गेले. मान हलवली. बहुधा मलाच.

संध्याकाळी ६
शेवटचं एकदा बघायला गेलो. पान उघडलं नाही. हे पाहण्याचा अधिकार तुम्हाला नाही, असं आलं. अपडेट वगैरे चालू असणार. संध्याकाळी करतात अपडेट.

कल्पिता गेली होती. सर तिच्याही आधी. या आठवड्यापासून गेटचं कार्डही त्याच सॉफ्टवेअरवर चालतं. बाहेर पडताना कार्ड लावलं, गेट लगेच उघडलं. जीव भांड्यात पडला. वॉचमन म्हणाला, साहेब, बाहेर जायला कार्ड लागत नाही, ते फक्त आत यायला लागतं.

उद्या नऊऐवजी साडेआठलाच जाऊन कार्ड लावतो. तेव्हा गेटवर गर्दी नसते.