‘टेक’ या क्रियापदावर माझी हुकमत

सौ. वहिनींना धाकट्या नणंदेचा वाकून नमस्कार. दादाचा गुडघा आता जिना चढू देतो का? (नसेल देत तर त्याला खालच्या खोलीत झोपायला सांगा. तुमचं ऐकेल, माझं तो लहानपणापासून ऐकत नाही.) आम्ही इकडे खुशाल. पत्राचं कारण असं की इंग्रजीतलं ‘टेक’ हे क्रियापद मी पूर्ण ताब्यात घेतलं आहे, आणि ही गोष्ट माहेरी कळलीच पाहिजे.

‘टेक’ म्हणजे घेणे, हे कुणीही सांगेल. खरी मेख त्याच्या शेपटीला ‘इन’ नि ‘अप’ चिकटतात त्यात आहे. परवा आमच्या शिवणाच्या दुकानात एक उंच बाई आल्या. एका फिरत्या नाटक कंपनीचे पोशाख त्या सांभाळतात. मराठीचा गंध नाही. हातात नायिकेचा मखमली झगा, आणि खेळ दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी. ह्यांची कात्री कितीही सफाईने चालो, इंग्रजी ऐकलं की तोंडात धरलेल्या टाचण्या गिळायची वेळ येते. म्हणून मी पुढे झाले. बाई म्हणाल्या, “टेक इट इन. अँड टेक इट अप, टू इंचेस.” मी ऐटीत मान डोलावली आणि ह्यांना सांगितलं, “आत घ्या म्हणतात. मग वर न्या.”

“आत म्हणजे?” हे म्हणाले.

“आत म्हणजे आत! काउंटरवर रस्त्याची धूळ बसते ना.”

झगा आत घेतला, मग वर माळ्यावर नेला. त्या दोन इंचांनी मात्र मला जरा विचारात पाडलं. शेवटी भिंतीतला खिळा उपटून पट्टीने मोजून बरोबर दोन इंच वर ठोकला आणि झगा त्याला अडकवला. (थोडं प्लास्टर पडलं, पण गिऱ्हाइकाचा शब्द म्हणजे शब्द.)

दुसऱ्या दिवशी बाई नायिकेलाच घेऊन आल्या. तिने झगा चढवला, एक पाऊल टाकलं, काठात पाय अडकला आणि पोरीने थेट इस्त्रीच्या टेबलाला मिठी मारली. कंबरेत आणखी एक नायिका मावली असती. बाई लालबुंद झाल्या. कंबरेचं कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून ओरडल्या, “इन!” मग खाली बसून काठ उचलला, “अप!” माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. (कसं, ते लिहीत नाही.)

खरं सांगते, आमच्या दुकानाचं नाव जाईल ते जाईल, पण त्या पोरीची भरल्या थिएटरात फजिती व्हायची. बाईंनी आम्हाला गाडीत कोंबलं. रंगपटात ह्यांनी शिवणी उसवून कंबर आवळली, मी जमिनीवर पालथी पडून काठ दुमडत गेले. तिसऱ्या घंटेला मी शेवटचा दोरा दाताने तोडला आणि विंगेत धावले. नायिकेने गिरकी घेतली, आणि काठ जमिनीवरून असा तरंगत गेला! टाळ्या तिला पडल्या, पण वहिनी, त्यातल्या निम्म्या काठाच्या होत्या. ह्यांनी अंधारात माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा कधी धरला नव्हता.

तेव्हा ‘टेक इन’ म्हणजे कापड आवळणे आणि ‘टेक अप’ म्हणजे उंची कमी करणे. (वर नेऊन कमी करायचं, हे इंग्रजांनाच सुचावं!) दादाला हे मोठ्याने वाचून दाखवा. शेजारचे आलेले असताना दाखवलंत तर उत्तम.

तुमची विदुषी नणंद

ता. क. खेळानंतर बाई आम्हा दोघांकडे बोट करून म्हणाल्या, “आय विल टेक यू ऑन.” हा ‘ऑन’ अजून माझ्या हाती लागायचा आहे. मी आपली “सेम टू यू” म्हणून मोकळी झाले. हे म्हणतात ही धमकी आहे, आणि कालपासून शटर ओढून बसलेत. मला वाटतं, कामावर ठेवतायत. तुमची लेक कॉलेजात इंग्रजी शिकवते, तिला विचारून कळवा. मी विचारलंय असं मात्र सांगू नका.

आणखी ता. क. उत्तर जरा लवकर पाठवा. बाई बाहेर येऊन उभ्या आहेत. सोबत एक धिप्पाड माणूस आहे, आणि त्याच्या खांद्यावर शिलाई मशीन. वहिनी, मारायला आलेला माणूस मशीन घेऊन येतो का?