गल्लीतल्या कोणीच बोली लावली नाही

बाबा, वागळे इस्टेटमधला तुमचा गाळा आता पतपेढीच्या नावावर झाला. गेल्या महिन्यात सोसायटीच्या ऑफिसात माझ्यासमोर आपलं नाव खोडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज मला तुमच्याशी कडाकडा भांडायचंय. कर्ज मी काढलं होतं, नवीन मशीनसाठी. ऑर्डरी आटल्या, हप्ते थकले, ते माझं मी भोगते. जप्तीचाही राग नाही. राग आहे तो तुमच्या त्या नियमाचा.

शेजारच्या मोल्डिंगवाल्यांचा गाळा लिलावात निघाला होता, आठवतं? मी तुमचा डबा घेऊन आलेले. तुम्ही चहाच्या टपरीवर उभे आहात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणताय, "शेजाऱ्याच्या गाळ्यावर जो बोली लावेल, त्याचा माझा संबंध संपला." कोणी गेलं नाही. लिलाव लांबला, तेवढ्यात त्यांनी पैसे भरून गाळा सोडवला. तुम्ही ऐटीत पेढे खाल्लेत, आणि गल्लीत तो कायदाच होऊन बसला.

पण माझ्याकडे भरायला पैसे येणारच नव्हते, बाबा. मला गिऱ्हाईक हवं होतं. चांगली बोली आली असती तर कर्ज फिटून वर काहीतरी उरलं असतं, त्यात शीळफाट्याला भाड्याने जागा घेऊन मी तुमचा जुना लेथ पुन्हा चालू केला असता. बाहेरचे दोघं गाळा बघायला आले, तर आपल्या लोकांनी "पावसात गळतो हो" सांगून त्यांना पिटाळलं. लिलावाला काळं कुत्रं नाही. संध्याकाळी पलीकडचे खोकेवाले काका छाती फुगवून आले. "पोरी, आम्ही कोणी फिरकलोसुद्धा नाही बघ तिकडे. तुझ्या बाबांचा शब्द राखला!" मी दातओठ खात थँक्यू म्हटलं. आधीच सांगायचं होतंस, म्हणाल. कुठल्या तोंडाने? आमचा गाळा घ्या हो, म्हणत दारोदार फिरायचं? ते तुम्ही कधी शिकवलंत? शेवटी गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून पतपेढीने कर्जाच्या बदल्यात गाळाच आपल्या नावावर करून घेतला. माझ्या हातात काहीच आलं नाही.

आज सकाळी मी कोपरला घरीच होते, तर काकांचा फोन. पतपेढी आता गाळा विकायला काढतेय. "आता तो तुमचा राहिला नाही ना, म्हणून विचारतो. मी घेऊ का? तू नको म्हणालीस तर नाही घेणार." आता! आता जो काही वरचा पैसा येईल तो पतपेढीचा. फोन भिंतीवर आपटावासा वाटला. "घ्या," म्हटलं आणि ठेवून दिला.

हे पत्र कुठे टाकणार? आणि टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं. तुम्हाला कळू नये असं एक आहे. गाळा माझा नसतानाही त्यांनी मलाच विचारलं. फोन ठेवल्यावर मी रडले, आणि ते रागाने नव्हतं.